आगरी मसाला विकायला गूगलची जाहिरात: परवडते का?

घाईत असाल तर उत्तर आधीच सांगून टाकते. क्लिकमागे पैसे मोजून गूगलवर केलेली जाहिरात छोट्या ऑनलाइन धंद्याला परवडते, पण गिऱ्हाईक पुन्हा येणार असेल तरच. एकदा विकला की विषय संपला, असा माल असेल तर आधी कागद-पेन घेऊन बसा.

माझा माल आगरी मसाला, म्हणजे आम्हा आगरी लोकांच्या घरचा मिरचीचा तिखट मसाला. माहेर कळव्याचं, कृती आईची. सासर ठाण्यातच नौपाड्यात आणि कुटण वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात, डंकावर म्हणजे मसाला कुटायच्या मशीनवर. मिरची जांभळी नाक्यावरून येते: रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. वेबसाइट भाच्याने उभी करून दिली, जाहिरातीचं खातं मी स्वतः बघते. त्यामुळे हे जे लिहितेय ते दुकानाच्या गल्ल्यावर बसून लिहितेय.

आता हिशोब. अर्धा किलोचं पाकीट 450 रुपयांना. मिरची, खडा मसाला, कुटाई, पिशवी, कुरिअर सगळं वजा जाता हातात 130 रुपये राहतात. क्लिकला 7 रुपये धरा. शंभर माणसं साइटवर आली आणि तिघांनी घेतलं, तर एक गिऱ्हाईक 233 रुपयांना पडलं. म्हणजे पहिल्या पाकिटात 103 रुपये खिशातून गेले! इथेच बरेच जण घाबरून जाहिरात बंद करतात. पण मसाला संपतो. घरात मासळी-मटण होत असेल तर अर्धा किलो किती दिवस पुरणार? दुसऱ्या वेळी ती बाई गूगलवर शोधत बसत नाही, सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ताई, एक किलो पाठवा’ म्हणते. क्लिकचा खर्च शून्य. दुसऱ्या अर्ध्या किलोलाच 27 रुपये वर येतात. परत न येणाऱ्यांचा भार परत येणाऱ्यांनी उचलायचा असतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या पाकिटापर्यंत टिकणारी माणसं लागतात. माझी एक मैत्रीण कागदी आकाशकंदील विकते. वर्षातून एकदा, एका घरात एक. तिला मी स्पष्ट सांगितलं, तू या भानगडीत पडू नकोस, तुझे कंदील सोसायट्यांच्या दिवाळी स्टॉलवर जास्त जातील.

हे 7 रुपयेही टॅक्सशिवायचे. आधी पैसे भरायची पद्धत घेतली असेल, तर यूपीआयने 1000 भरल्यावर 18 टक्के जीएसटी कापून जाहिरातीला साधारण 847 उरतात. जीएसटी नंबर असणाऱ्याला तो टॅक्स पुढे स्वतःच्या विक्रीवरच्या जीएसटीतून वळता करता येतो. नसेल तर तो खर्चातच धरायचा.

क्लिकचा भाव कुठे छापलेला नसतो, दर शोधामागे लिलाव होतो. ही युक्ती मुळात गूगलची नाही. 1998 साली अमेरिकेतल्या गोटू नावाच्या कंपनीने ती बाजारात आणली. गूगलच्या जाहिराती 2000 साली सुरू झाल्या आणि क्लिकवरचा लिलाव 2002 मध्ये आला. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की लिलावात फक्त बोली बघत नाहीत. जाहिरात शोधाला किती धरून आहे आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान कसं आहे, तेही मोजतात. आगरी मसाला शोधणाऱ्याला थेट आगरी मसाल्याच्या पानावर नेलं, तर कमी बोलीतही वर जागा मिळू शकते. होमपेजवर नेऊन सोडलं की तो तिथून लोणची-पापड बघत परत जातो.

या सगळ्या सेवेतली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे सर्च टर्म्सचा रिपोर्ट. लोकांनी नेमकं काय टाइप केलं ते त्यात दिसतं. सगळं दिसत नाही, पण पुरेसं दिसतं. रोज रात्री भांडी आवरली की मी तो उघडते आणि खरं सांगते, मालिकेपेक्षा जास्त करमणूक होते. कीवर्ड म्हणजे ज्या शब्दाच्या शोधावर जाहिरात दाखवायची तो शब्द. तो ब्रॉड मॅचवर, म्हणजे जवळपासचे शोधही चालतील अशा सैल सेटिंगवर ठेवला की ‘आगरी मसाला’वर काय काय येतं बघा: आगरी मसाला कसा बनवायचा. मसाला डबा स्टीलचा. मसाला डोसा जवळपास. मसाला कुटायची मशीन किंमत. घरबसल्या मसाला पॅकिंगचं काम. यातल्या एकालाही माझा मसाला विकत घ्यायचा नाही, पण बोट लागलं की 7 रुपये गेले. पॅकिंगचं काम शोधणाऱ्या बायकांचं तर वाईटच वाटतं, त्यांना रोजगार हवा असतो आणि समोर माझं पाकीट येतं.

यावर उपाय निगेटिव्ह कीवर्डचा. डोसा, डबा, मशीन, काम, नोकरी हे शब्द त्या यादीत टाकले की त्या शोधांवर जाहिरात दिसत नाही. पण एक मेख आहे. या यादीला समानार्थी शब्द कळत नाहीत. ‘रेसिपी’ टाकलं म्हणून ‘कृती’ अडत नाही, ‘कसा बनवायचा’ वेगळं टाकावं लागतं आणि आपले लोक मराठी रोमन लिपीतच टाइप करतात, तेव्हा तेही वेगळं. माझी ही यादी आता किराण्याच्या यादीपेक्षा लांब झाली आहे. मुख्य कीवर्ड मात्र मी एक्झॅक्ट मॅचवर, म्हणजे त्याच अर्थाच्या शोधापुरते ठेवते: आगरी मसाला ऑनलाइन, आगरी कोळी मसाला एक किलो, असे. माणसं कमी येतात, पण पिशवी घेऊन आलेली येतात.

कुठल्या गावात जाहिरात दाखवायची हा पुढचा प्रश्न. ठाण्यात मी दाखवतच नाही. इथल्या माणसाला कळव्यापासून दिव्यापर्यंत कुणी ना कुणी मावशी मसाला देणारी असते. आणि जो नकाशावर शोधतो त्याला माझं गूगल बिझनेस प्रोफाइल दिसतं, ज्याला एक पैसा लागत नाही. त्यावर गाळ्याचे फोटो, वेळ आणि फोन नंबर नीट भरा, पैशाच्या जाहिरातीआधी हे करा. माझी जाहिरात चालते बंगळुरू, हैदराबाद आणि पुण्यात. नोकरीसाठी तिकडे गेलेली इकडची मुलं, ज्यांना आईकडून आणलेली बरणी संपल्यावर काय करायचं ते कळत नाही. तिथे बोलीही फार चढत नाही. ‘गरम मसाला’सारख्या शब्दावर मोठ्या ब्रँडशी बोली लावायला गेलात तर बजेट दुपारीच संपेल.

सेटिंगचं थोडक्यात. गाव निवडल्यावर मूळ पर्यायात त्या गावात ‘रस’ असलेले बाहेरचे लोकही धरलेले असतात, तो बदलून फक्त तिथे असलेले लोक ठेवा. सर्च पार्टनर (गूगलशी जोडलेल्या दुसऱ्या शोध-साइट) आणि डिस्प्ले नेटवर्क (इतर साइट आणि अ‍ॅपवरच्या जाहिराती) यांवरच्या खुणा काढा. रोजचं बजेट 200 ठेवलं तरी एखाद्या दिवशी 400 पर्यंत जाऊ शकतात, दचकू नका, महिन्याला 30.4 पट म्हणजे 6,080 च्या वर घेत नाहीत. आणि खात्यात सारख्या येणाऱ्या सूचना वाचा, पण ‘बजेट वाढवा’ हा सल्ला देणारा तोच आहे ज्याच्या गल्ल्यात ते बजेट जाणार आहे, हे ध्यानात असू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरची ऑर्डर जाहिरातीतून आली की नाही हे रिपोर्टला कळत नाही. साइटवरचं व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबलं एवढंच कळतं. म्हणून मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारते, ‘आमचं नाव कुठे पाहिलंत?’ वहीत लिहिते. याला दुसरा सोपा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

आता एजन्सीवाले. गाळ्यावर एक मुलगा आला होता, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. ‘मॅडम, पहिल्या पानाची गॅरंटी.’ मी म्हटलं, ‘बाळा, लिलावात गॅरंटी कोण देतं?’ गूगलचे स्वतःचे नियमच सांगतात की एजन्सीने वरच्या जागेची हमी द्यायची नाही. मग त्याने दुसऱ्या एका धंद्याचा रिपोर्ट दाखवला, सोन्यासारखे आकडे. नीट बघितलं तर निम्मे क्लिक त्या दुकानाच्या स्वतःच्या नावावरचे! जो नाव टाइप करून शोधतोय तो येणारच होता, त्याचे पैसे कशाला भरायचे? ईबेने 2012 मध्ये अमेरिकेत काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावावरच्या जाहिराती थांबवून पाहिल्या, तर जवळजवळ सगळी माणसं खालच्या फुकटच्या लिंकवरून येतच राहिली. एजन्सी नेमायचीच असेल तर खातं तुमच्या जीमेलवर उघडा आणि त्यांना फक्त प्रवेश द्या. ओळखीतल्या एकीचं खातं एजन्सीच्या नावावर होतं. काम सोडलं तेव्हा जमवलेली सगळी माहिती त्यांच्याकडेच राहिली.

बजेट मी होळीनंतर वाढवते, कारण वर्षाचा मसाला करायचा आणि मागवायचा मोसम तोच. जूनमध्ये हवा दमट झाली, मिरची वाळेना झाली की कुटण थांबतं. मग उरलेला साठा मोजायचा, जुन्या गिऱ्हाइकांपुरता बाजूला काढायचा आणि त्याच दिवशी जाहिरातीला पॉज लावायचा. पानावर ‘स्टॉक संपला’ लिहिलं तरी क्लिकचे 7 रुपये कापले जातातच.