ड्राफ्टआधी बचावपटू पारखायला घेतलेली वर्गणी: आठ महिन्यांचा अनुभव

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या आकड्यांची वर्षाची वर्गणी भरली. व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजची मुलं एकेक करून निवडतात तो एनएफएल ड्राफ्ट एप्रिल २०२४ मध्ये आमच्या डेट्रॉइटमध्ये भरणार होता. तिथे जाऊन नुसती नावं ऐकायची नव्हती, मुलं आधी स्वतः पारखायची होती. त्यातही बचावातली, कारण टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे धावतो आणि या मुलांची निम्मी मेहनत त्याच्या चौकटीबाहेर राहते.

वर्गणीत मिळतं ते असं: प्रत्येक सामन्यात खेळाडू किती स्नॅप (बॉल मागे देऊन सुरू होणारा एकेक डाव) खेळला, कुठे उभा राहिला, पासच्या वेळी किती वेळा क्वार्टरबॅकवर (बॉल फेकणाऱ्यावर) धावला, त्यातून किती वेळा दबाव आला, किती टॅकल (समोरच्याला पाडायचे प्रयत्न) हुकले आणि शेवटी शंभरपैकी एक ग्रेड. फिल्म नाही. सामने मी शनिवारी रेकॉर्ड करून ठेवायचो आणि आठवडाभर रात्री बघायचो.

माझे पैसे वसूल झाले ते एकट्या दबावाच्या रकान्यावर. सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकने बॉल फेकण्याआधीच त्याला पाडणं, वर्तमानपत्रात येतो. पण समोरच्याने बॉल पटकन फेकला की उत्तम धावलेल्या पोराच्याही खात्यात शून्य राहतं. पेन स्टेट कॉलेजचा कडेचा रशर (लाइनच्या टोकावरून क्वार्टरबॅकवर धावणारा) चॉप रॉबिन्सन घ्या. २०२३ च्या अख्ख्या हंगामात त्याचे सॅक फक्त ४. तेवढंच पाहिलं असतं तर मी त्याला यादीत खाली ढकललं असतं. दबावाचे आकडे बघून रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि फ्रेम-फ्रेम पुढे सरकवलं. बॉल मागे देणाऱ्या सेंटरच्या हातून बॉल सुटतो, बाकीच्या लाइनमनचे हात अजून गवतावर असतात, आणि हा पहिलं पाऊल टाकून मोकळा झालेला असतो. समोरचा टॅकल (क्वार्टरबॅकची कड राखणारा लाइनमन) मागे सरकून वळेपर्यंत याचा खांदा त्याच्या कमरेच्या रेषेत. मी तो एक स्नॅप किती वेळा पाहिला असेल! फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) २५४ पाउंडांचा हा गडी ४० यार्ड ४.४८ सेकंदांत धावला, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

ग्रेडबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. रनविरुद्धचं (बॉल घेऊन पळणाऱ्याला अडवायचं) काम आणि पासवरचं धावणं एकत्र करून एकच आकडा पुढे ठेवतात. पाहणाऱ्याची नजर तिथेच अडकते. ११ नोव्हेंबर २०२३ ला मिशिगनने पेन स्टेटला २४-१५ हरवलं, आणि दुसऱ्या हाफमध्ये मिशिगनच्या नावावर एकही अधिकृत पास नव्हता. सगळा खेळ रनवर. अशा दिवशी कडेच्या रशरला धावायला संधीच कुठे? सामन्याची ही हकिगत ग्रेडच्या पानावर कुठेच नाही. शिवाय जुन्या सामन्यांचे ग्रेड मधूनच बदलायचे, आणि का बदलले याची एक ओळसुद्धा नसायची. दोनदा ईमेल केला, दोन्ही वेळा छापील उत्तर आलं. तेव्हापासून मी ग्रेड तारखेसकट वहीत उतरवून ठेवायला लागलो.

कॉर्नरबॅकच्या, म्हणजे पास झेलणाऱ्या रिसीव्हरला राखणाऱ्याच्या, बाबतीत तर ही वर्गणी तोकडीच पडते. टीव्हीवर स्नॅपनंतर तो चौकटीतून गायब होतो. सगळे बावीस खेळाडू दिसतील अशी उंचावरची फिल्म कॉलेजच्या सामन्यांसाठी सामान्य प्रेक्षकाच्या हाती सहसा लागत नाही. टोलिडोच्या क्विन्यॉन मिचेलचे आकडे फार चांगले होते, पण समोर मॅक या कमी नावाजलेल्या कॉलेज-गटातले रिसीव्हर. मोठ्या कॉलेजांच्या मुलांपुढे हा टिकेल का? उत्तर मिळालं ते अलाबामातल्या मोबाइल शहरात, सीनियर बोलमध्ये, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या निवडक मुलांच्या सामन्याच्या वेळी. तिथल्या सरावात एकास एक कसरती असतात, लपायला जागा नसते. रिसीव्हर दिशा बदलायचा त्याच क्षणी मिचेलची कंबर वळलेली असायची. कबड्डीत चांगला कोपरा रेडरच्या हाताकडे न बघता कमरेकडे बघतो, हे लहानपणी मैदानावर ऐकलेलं मला तेव्हा आठवलं.

२५ एप्रिलला डाउनटाउनमध्ये गर्दीत उभा होतो. पहिले १४ खेळाडू सगळे आक्रमणातले निघाले, असं ड्राफ्टच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. माझी वही पिशवीतच राहिली. मग १५ व्या क्रमांकावर कोल्ट्सनी यूसीएलएच्या लायाटू लाटूला घेतलं आणि रांग सुटली: १९ वर रॅम्सकडे जॅरेड व्हर्स, २१ वर डॉल्फिन्सकडे रॉबिन्सन, २२ वर ईगल्सकडे मिचेल. व्हर्स पुढे त्या हंगामाचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला, तोही अवघ्या ४.५ सॅकवर. रॉबिन्सनने पहिल्याच वर्षी ६ सॅक केले, कॉलेजच्या शेवटच्या वर्षापेक्षा जास्त.

तुम्हाला एज (कडेचे) रशर आणि लाइनमधली मुलं पारखायची असतील तर अशी वर्गणी जरूर घ्या, पण सप्टेंबरातच. जानेवारीत घेतलीत तर सामने हातचे गेलेले असतात आणि उरतो नुसता तक्ता. कॉर्नर आणि सगळ्यात मागे उभ्या राहणाऱ्या सेफ्टीसाठी मी एकट्या हिच्यावर पैसे घालणार नाही. त्यांच्यासाठी सीनियर बोलच्या आठवड्यात सराव बघायला सुट्टी काढतो.