भाड्याच्या घरातील सैल सॉकेट आणि तपकीर गल्लीतील एक दुकान

पुण्यात कोथरूडमधील आमच्या भाड्याच्या घरात गिझरचा प्लग सॉकेटमध्ये घट्ट बसत नव्हता व बोर्ड गरम होऊ लागला होता, म्हणून बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत विद्युत साहित्याच्या एका लहान दुकानात गेलो. दुकानदारांनी विक्रीची घाई केली नाही. जुन्या सॉकेटचे छायाचित्र पाहून त्यांनी समजावले की, आतील धातूची पकड सैल झाली की संपर्काच्या जागी रोध वाढतो, तिथे उष्णता साठते आणि ठिणग्या उडून प्लास्टिक वितळू लागते. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह घेत असल्याने त्यांनी 6 अँपिअरचे स्वस्त सॉकेट देण्यास स्पष्ट नकार दिला आणि आयएस 1293 या प्लग-सॉकेटच्या भारतीय मानकाची खूण असलेले, आत छिद्रे झाकणारे शटर असलेले 16 अँपिअरचे सॉकेट दाखवले. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. पक्के बिलही न मागता मिळाले, त्यामुळे घरमालकांनी तो खर्च भाड्यातून वळता करून घेण्यास लगेच संमती दिली. गल्लीत वाहन लावायला जागा मिळत नाही. दुकानातर्फे कारागीर पाठवला जात नाही. सॉकेट बसवण्यासाठी परवानाधारक वायरमन स्वतंत्रपणे बोलवावा लागतो.