सरांची चित्रं, सरांची इंजिनं आणि राजारामपुरीतले फ्रेमवाले काका

कोल्हापुरात जुनं जलरंगाचं चित्र फ्रेम करायचं असेल तर राजारामपुरीत मेन रोडवरून आत गेल्यावर गल्लीत जे छोटं दुकान आहे, सगळे ज्यांना फ्रेमवाले काका म्हणतात, तिथं बिनधास्त जा. वेळ लागतो, पैसे साध्या फ्रेमच्या दुप्पट पडतात, पण काम लई भारी.

आमचे सर गेल्या पावसाळ्यात गेले. चित्रकलेचे प्राध्यापक, आसपासच्या शाळांत आज जे ड्रॉइंग टीचर आहेत त्यातले कितीतरी त्यांच्याच हाताखालून गेलेले. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात शाहू स्मारकच्या कलादालनात त्यांची चित्रं लावायची असं आम्ही विद्यार्थ्यांनी ठरवलं आणि फ्रेमिंगचं काम माझ्याकडं आलं. ताईंनी, म्हणजे सरांच्या मुलीनं, कपाटातून गठ्ठेच्या गठ्ठे काढून दिले, पंचगंगा घाट, रंकाळा, कोटितीर्थ. कोटितीर्थ तर सरांनी किती वेळा रंगवलंय, कारण कोल्हापूरचे जुन्या काळातले चित्रकार आबालाल रहिमान तिथं राहून निसर्गचित्रं करायचे आणि आबालाल म्हणजे सरांचं दैवत. पहिल्या वर्षाच्या पोरांना आधी टाउन हॉल म्युझियममध्ये न्यायचे, चित्रांसमोर उभं करायचे आणि स्वतः एक शब्द बोलायचे नाहीत, बघा म्हणायचे नुसतं.

आता कामाचं सांगते. दोन चित्रं पूर्वी दुसऱ्या कुणाकडनं तरी फ्रेम करून घेतलेली होती, काच थेट कागदावर टेकलेली, मागं हार्डबोर्ड आणि सेलोटेप. काकांनी पाहिलं आणि गप्पच झाले. मग समजावून सांगितलं, की जलरंगात डिंक असतो, आपल्याकडं पावसाळ्यात काचेच्या आत दमट होतं, डिंक ओला होतो आणि चित्र काचेला धरतं. म्हणून मध्ये माउंट, म्हणजे मधोमध खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, लागतो, तो नुसता शोभेला नसतो, काच आणि कागदात जागा राहावी म्हणून असतो. एका चित्राची टेप त्यांनी हळूहळू सोडवली, पण दुसऱ्याचं आभाळ एका कोपऱ्यात काचेला चिकटलेलं होतं, त्याला हात लावायला काका तयारच होईनात. "ताई, ओढलं तर आभाळ काचेवरच राहील. हे माझं काम न्हाई, जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या कन्झर्वेटरला दाखवा." पैसे सोडून खरं सांगणारा कारागीर, माझा विश्वास तिथंच बसला. ते चित्र आम्ही जुन्या काचेसकट तसंच लावलं.

बाकी सगळ्यांना ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, माउंट. साधा स्वस्त माउंट लावला की काही वर्षांत खिडकीच्या कडेनं कागदावर तपकिरी रेघ उमटते, घरोघरी जुन्या फ्रेममध्ये बघा, दिसेल. चित्र डकवायला टेप नाही, डिंक नाही, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या आणि गव्हाची खळ, म्हणजे उद्या काढायचं झालं तर पाण्यानं सुटतं. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळावी म्हणून.

आणि एक गोष्ट त्यांची त्यांना सुचली. सर चित्राच्या खाली समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहायचे, वेळ, पाऊस, कुठला रंग वाळेना वगैरे. मी म्हटलं झाकून टाका माउंटखाली, तर काका म्हणाले राहू द्या, खिडकी खालच्या बाजूला वाढवतो. प्रदर्शनात लोक चित्राइतकेच त्या ओळी वाचत होते, "पावसानं उठवलं, आभाळ अर्धंच" असलं वाचून जुने विद्यार्थी हसत पण होते आणि डोळे पण पुसत होते.

काका हे सगळं इतक्या मनापासून का करत होते ते नंतर कळलं. सरांना आगगाडीचा नाद. मिरज-कोल्हापूर लाइन १८९१ ला सुरू झाली, १९७१ ला ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेज होती, आणि सरांनी लहानपणी बघितलेली ती इंजिनं आयुष्यभर घरी बनवली, १:८७ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, रुळांमधलं अंतर १२ मिमी. बनवायची कशाची, तर माउंट बोर्डाची! माउंटला खिडकी कापली की मधला तुकडा वाया जातो, ते तुकडे काका पिशवीत साठवून ठेवायचे आणि सर शनिवारी येऊन घेऊन जायचे. कॉलेजात काही जण म्हणायचे प्राध्यापक माणूस आणि खेळणी काय करतोय, तर सर त्यांना खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ दाखवायचे, नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तर चित्रकारानं हत्यार हातात धरायला कसली लाज. मला हे आजही शंभर टक्के पटतं. सरांचं रेखाटन इतकं पक्कं होतं ते इंजिनांचे रिव्हेट मोजत बसण्यामुळंच, असं माझं ठाम मत आहे.

तर इंजिनांसाठी काकांनी ॲक्रिलिकच्या पेट्या केल्या, मॉडेल कुठंही चिकटवलं नाही, चाकांच्या खाली बारीक खुंट्या देऊन बसवलं. एका टेंडरला, म्हणजे इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या डब्याला, तळाला हात लावून म्हणाले, हा राखाडी बोर्ड माझ्याच दुकानातला, आता मिळत न्हाई.

तक्रारी पण सांगते. सांगितलेल्या तारखेपेक्षा बराच उशीर झाला, शेवटच्या फ्रेम उद्घाटनाच्या आदल्या रात्री हातात आल्या आणि ताईंचा जीव टांगणीला लागला. साध्या काचेवर दालनातले लाइट चमकतात, न चमकणारी काच बाहेरून मागवावी लागते आणि ती लई महाग आहे, तेव्हा बजेट आधीच बोलून घ्या. मोठं काम असेल तर दोन महिने हातात ठेवून जा, आणि गल्लीत चारचाकी नेऊ नका.

सरांनी खूप चित्रं विद्यार्थ्यांना लग्नात भेट दिलेली आहेत. तुमच्या घरी असेल तर एकदा मागची बाजू बघा, सेलोटेप किंवा हार्डबोर्ड दिसला तर स्वतः उचकटू नका, आहे तसं काकांकडं घेऊन जा आणि सरांचं चित्र आहे म्हणून सांगा.