पोस्टरवर क्यूआर कोड, की थेट डिजिटल पडदा?

परिषदेतील संशोधन-पोस्टर बोलके करण्याचे दोन मार्ग आहेत: ८४१ × ११८९ मिलिमीटरच्या ए-झिरो कागदावर क्यूआर कोड छापणे किंवा संपूर्ण पोस्टरच पडद्यावर दाखवणे.

पेशीविभाजनासारखा गतिमान विषय असेल, तर पडद्याला तोड नाही. स्थिर चित्रांच्या चार चौकटींत जे कसेबसे सांगावे लागते, ते काही सेकंदांच्या चलचित्रात आपसूक उलगडते. मात्र एकाच पडद्यावर अनेक पोस्टर आळीपाळीने दाखवली जातात, तेव्हा आपली वेळ सरताच काम दृष्टीआड होते, आणि माझ्या मते हे नुकसान मोठे आहे, कारण खरा संवाद बहुधा चहाच्या सुट्टीत, येता-जाता थबकलेल्या अनोळखी अभ्यासकाशीच होतो.

छापील पोस्टर दिवसभर जागेवर असते. १९९४ साली जपानमध्ये वाहनांच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी तयार झालेला क्यूआर कोड तेच चलचित्र वाचकाच्या फोनवर पोहोचवतो. तो डोळ्यांच्या उंचीवर, भोवती त्याच्याच चार बारीक चौकोनांइतकी पांढरी जागा सोडून छापावा. तळाच्या कोपऱ्यातल्या कोडसाठी सहसा कोणी वाकत नाही. शेजारी ‘पेशी दुभंगताना पाहा’ असे नेमके लिहावे. सभागृहातील इंटरनेटचा भरवसा नसतो, म्हणून मुख्य निष्कर्ष कागदावरच ठळक असावा.