कॉर्पोरेट अकाउंटिंग, सेकंड इयर: नियम खणखणीत, प्रश्नसंच शिळा

पश्चिम नागपुरातल्या एका स्वायत्त कॉलेजचा बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचा हा कोर्स. कॉलेजचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. इथे दाखवलेल्या उणिवा शहरातल्या बऱ्याच वर्गांत कमीजास्त सापडतील, मग एकालाच धारेवर धरण्यात काय अर्थ? पहिल्या दिवशी चार पानांचं नियमपत्रक हातात पडतं. बहुतेक मुलं त्यात हजेरीचा आकडा शोधतात आणि कागद दप्तरात कोंबतात. गुण कशाला मिळतात आणि कशाचे कापले जातात हे मात्र तिसऱ्या पानावर आहे, आणि ते पान परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत कोणी उघडत नाही.

आधी सांगाडा. ४ क्रेडिट, ६० तास, १०० गुण. ६० गुण सेमिस्टरअखेरच्या पेपरला, ४० अंतर्गत. अंतर्गतची वाटणी अशी: दहा-दहा गुणांच्या पाच चाचण्या, त्यातल्या चांगल्या चार धरून त्यांचे २० गुण, दर आठवड्याच्या गणितांच्या वहीला १०, आणि एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालावरच्या प्रकल्पाला १०. दोन्हीकडे वेगळं पास व्हावं लागतं, म्हणजे पेपरात २४ आणि अंतर्गतमध्ये १६.

या वाटणीत एक फट आहे. वही वेळेवर दिली आणि प्रकल्प नीटनेटका बांधला की १६-१७ गुण तिथेच होतात. म्हणजे पाचही चाचण्यांत भोपळा मिळाला तरी अंतर्गतमध्ये पास. असा विद्यार्थी डिसेंबरात पेपरला बसतो तेव्हा घड्याळ लावून एकही गणित स्वतः सोडवलेलं नसतं, आणि २४ चा आकडा त्याला तेव्हा दिसतो. चाचण्यांच्या २० पैकी किमान ८ हवेत अशी एक ओळ टाकली असती तर हे थांबलं असतं.

आता या कोर्सची खरी जमेची बाजू: पेपर तपासायची पद्धत. नियम तीन. पायरीला गुण आहेत, फक्त उत्तराला नाहीत. वर्किंग नोट (आकडा कसा काढला ते दाखवणारी मांडणी) नसेल तर बरोबर आकड्यालाही निम्मेच गुण. आणि एका जागी झालेल्या चुकीचे गुण एकदाच कापायचे, ती चूक पुढे वाहत गेली तरी पुन्हा नाही.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते प्रेफरन्स शेअर (ठरलेला लाभांश आधी मिळणारे शेअर) परतफेडीच्या एका गणितात बघा. कंपनीने १०० रुपयांचे १०,००० प्रेफरन्स शेअर १० टक्के प्रीमियमने, म्हणजे दर्शनी किमतीवर तेवढे जादा देऊन, परत करायचे ठरवले. त्यासाठी १० रुपयांचे ४०,००० इक्विटी शेअर ५ रुपये प्रीमियमने काढले. कॅपिटल रिडेम्पशन रिझर्व्हला (परत होणाऱ्या भांडवलाच्या जागी नफ्यातून बाजूला ठेवायच्या रकमेला) किती न्यायचे? परत होणाऱ्या शेअरची दर्शनी किंमत १०,००,०००, त्यातून नव्या शेअरची दर्शनी किंमत ४,००,००० वजा, उरले ६,००,०००. इथे दोन चुका हमखास होतात. कोणी नव्या शेअरचे प्रीमियमसकट आलेले ६,००,००० वजा करतो आणि ४,००,००० काढतो. कोणी परतफेडीचा १,००,००० प्रीमियम वरच्या रकमेत मिसळून ११ मधून ४ वजा करतो आणि ७,००,००० लिहितो.

मजा पुढे आहे. तिघांचाही ताळेबंद जुळतो! कारण ही रक्कम जनरल रिझर्व्हमधून निघून दुसऱ्या रिझर्व्हमध्ये जाते. ती ४ लाख असो की ७, रिझर्व्हची एकूण बेरीज तीच राहते. 'टोटल जुळली म्हणजे गणित बरोबर' या समजुतीवर बारावी पार केलेली मुलं इथे आपटतात. दहा गुणांच्या या गणितात रिझर्व्हच्या वर्किंग नोटला २ गुण, प्रीमियमच्या तरतुदीला १, नोंदींना ४ आणि ताळेबंदाला ३. चुकीने ४,००,००० काढलेल्याचे नोटचे २ गुण जातात, पण पुढच्या नोंदी त्याच आकड्याने सुसंगत केल्या असतील तर ८ मिळतात. ज्याने नोटच लिहिली नाही, त्याचा ४,००,००० कुठून आला हे तपासणाऱ्याला कळणार कसं? त्याचे नोटचे गुण जातातच, वर नोंदीतही निम्मे कापले जातात. नियम कठोर वाटेल, पण बरोबर आहे. सीए इंटरच्या (सीएच्या मधल्या परीक्षेच्या) पेपरातही सत्तर टक्के भाग वर्णनात्मक आहे, वर्किंग नोट लिहायचा हात तिथेही लागतो.

याच गणितातला परतफेडीचा प्रीमियम भरून कुठून काढायचा? कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५५ प्रमाणे, अकाउंटिंग स्टँडर्ड (एएस, म्हणजे हिशेबाचे ठरलेले नियम) लागू असलेल्या कंपनीने तो नफ्यातून द्यायचा. सिक्युरिटीज प्रीमियमची (शेअर काढताना मिळालेल्या जादा रकमेची) वाट इतरांसाठी. वर्गात हे नीट शिकवतात. पण कॉलेजच्याच प्रश्नसंचाच्या उत्तरांत तो सरसकट सिक्युरिटीज प्रीमियममधून उडवलेला आहे.

आणि इथून या कोर्सची दुखरी बाजू सुरू होते. प्रश्नसंच शिळा आहे. डिबेंचर रिडेम्पशन रिझर्व्ह (डिबेंचर, म्हणजे कंपनीचे कर्जरोखे, फेडण्यासाठीचा निधी) अजून २५ टक्के. ऑगस्ट २०१९ मध्ये नियम बदलला: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना हा रिझर्व्ह लागतच नाही, आणि नोंद नसलेल्या सर्वसाधारण कंपनीला शिल्लक डिबेंचरच्या १० टक्के. प्रस्तावित लाभांश तर ताळेबंदात चालू देणं म्हणून खुशाल बसलेला आहे. २०१६ मध्ये एएस ४ दुरुस्त झाल्यापासून ताळेबंदाच्या तारखेनंतर जाहीर झालेला लाभांश देणं म्हणून दाखवत नाहीत, फक्त टीप द्यायची असते. कॅश फ्लोच्या (रोख कुठून आली, कुठे गेली या पत्रकाच्या) गणितात याचा फटका बसतो: मागच्या वर्षी प्रस्तावित केलेला लाभांश या वर्षी मंजूर होऊन दिला जातो, तेव्हा तो फायनान्सिंगमध्ये (भांडवल-कर्जाच्या व्यवहारांत) रोख खर्च म्हणून येतो, आणि या वर्षीच्या प्रस्तावित लाभांशाला हातही लावायचा नाही. जुन्या उत्तरांवर सराव केलेला मुलगा तो नफ्यात मिळवून मोकळा होतो. प्राथमिक खर्च (कंपनी स्थापनेचा) मालमत्तेच्या बाजूला 'किरकोळ खर्च' म्हणून दाखवलेली दोन गणितंही त्यात आहेत. एएस २६ नुसार तो खर्च त्याच वर्षी नफा-तोट्याला जातो.

उपाय सोपा आहे. इन्स्टिट्यूटचं (सीएच्या परीक्षा घेणाऱ्या आयसीएआयचं) सीए फाउंडेशनच्या अकाउंटिंगचं आणि सीए इंटरच्या ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगचं स्टडी मटेरियल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. सराव तिथून करायचा. सीताबर्डीवर जुनं पुस्तक घ्यायचं असेल तर पैसे काढण्याआधी दोन पानं उघडा. प्रेफरन्स शेअरच्या परतफेडीला 'कलम ८०' लिहिलं असेल तर ते १९५६ च्या कायद्याचं पुस्तक, परत ठेवा. कलम ५५ असेल तर डिबेंचरचं प्रकरण काढा. तिथे सगळ्यांना २५ टक्के असेल तर पुस्तक २०१९ च्या आधीचं. रद्दीच्या भावात मिळालं तरी महाग पडेल.

प्रकल्पाबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण कल्पना उत्तम आणि सूचना अर्धवट. शेअर बाजारात नोंद असलेली कंपनी घ्या, तिचा ताळेबंद शेड्यूल ३ शी (कंपनी कायद्यातल्या ताळेबंदाच्या नमुन्याशी) ताडून पहा, पाच गुणोत्तरं काढा, असं सांगितलेलं आहे. नागपूरची मुलं साहजिकच सोलर इंडस्ट्रीज किंवा मॉइल घेतात, दोन्हींची मुख्यालयं इथलीच. पण वर्गात शिकवलं जातं ते एएस आणि शेड्यूल ३ चा पहिला भाग (डिव्हिजन १). या कंपन्यांचे हिशेब इंड एएसवर (आंतरराष्ट्रीय नियमांशी जुळवलेल्या वेगळ्या स्टँडर्डवर) आणि त्याच शेड्यूलच्या दुसऱ्या भागाच्या (डिव्हिजन २) नमुन्यात असतात. त्यामुळे 'अदर कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम', 'राइट ऑफ यूज ॲसेट' अशी शीर्षकं पाहून मुलं गांगरतात आणि शेवटी कोणाचा तरी मागच्या वर्षीचा प्रकल्प उतरवतात. नियमपत्रकात एक वाक्य वाढवलं तरी पुरे: एनएसई इमर्ज किंवा बीएसईच्या एसएमई (छोट्या-मध्यम कंपन्यांच्या) मंचावरची कंपनी घ्या. या मंचावरच्या कंपन्यांना केवळ तिथे नोंद आहे म्हणून इंड एएस लागू होत नाही, त्यामुळे त्यांचे हिशेब बहुधा एएसमध्येच मिळतात आणि वर्गात शिकलेलं पानोपानी सापडतं. तरी निवडण्याआधी टिपांमधलं 'सिग्निफिकंट अकाउंटिंग पॉलिसीज' हे पान उघडून कोणतं स्टँडर्ड लिहिलंय ते बघून घ्यावं. मॉइलच करायचं असेल तर खुशाल करा, पण दोन्ही नमुन्यांतला फरक दाखवणारं एक पान आधी लिहा. तपासणारे त्याला गुण देतात.

वहीचा नियम मात्र चतुराईने केलेला आहे. प्रत्येक गणितातल्या एका आकड्यात आपल्या रोल नंबरच्या शेवटच्या अंकाचे हजार मिळवायचे. वरच्या गणितात रोल नंबर ७ ने संपत असेल तर नवे शेअर ४७,००० आणि रिझर्व्ह ५,३०,०००. नुसती नक्कल चालत नाही. अर्थात ७ वाले सातजण एकत्र येतातच, हा भाग वेगळा. दोन वह्यांत तीच चुकीची बेरीज सापडली तर दोघांनाही त्या आठवड्याचे शून्य. कोणी कोणाचं पाहिलं याची चौकशी होत नाही. सोमवारी सकाळी दहापर्यंत वही द्यायची, उशिराला दिवसाला २० टक्के कपात, आणि बुधवारी उत्तरं गूगल क्लासरूमवर आली की त्यानंतर शून्य. उत्तरं बाहेर आल्यावर वही घेण्यात काही अर्थच नाही, त्यामुळे यावर कुरकुर करणाऱ्यांची बाजू घेता येत नाही. हुकलेली चाचणी पुन्हा घेत नाहीत. पाचातली एक सोडायची मुभा आजारपण, लग्नकार्य, गाडी चुकणं या सगळ्यासाठीच आहे. पहिली चाचणी आळसाने घालवली की ती मुभा संपली.

हजेरी ७५ टक्के, म्हणजे ६० पैकी ४५ तास. वर्ग सकाळी साडेसातचा. सीए इंटरची शिकवणी त्याच वेळी असणाऱ्यांनी हा कोर्स घेण्याआधी दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून पाहावीत. हजेरीत सूट नाही.

कॅल्क्युलेटर साधा, १२ अंकी, बॅटरीवरचा. मोबाइल आणि सायंटिफिक दोन्ही बंद. नवीन घेणारच असाल तर इन्स्टिट्यूटच्या मर्यादेत बसणारा घ्या (सहापर्यंत फंक्शन, १२ अंक, दोन मेमरी), म्हणजे पुढेही तोच चालेल. एम प्लस (मेमरीत मिळवणं) आणि जीटी (एकूण बेरीज) ही बटणं पहिल्याच आठवड्यात हाताखाली बसवून घ्यावीत. कॅश फ्लोमध्ये दहा बेरजा कागदावर करणाऱ्याला ४० मिनिटांची चाचणी पुरत नाही.

पहिल्या वर्षाचं काय काय यायला हवं, हे नियमपत्रकात एका ओळीत उरकलंय: 'मूलभूत लेखांकन अपेक्षित'. नेमकं सांगायचं तर शेअर जप्ती (पैसे थकवणाऱ्याचे शेअर काढून घेणं) आणि पुन्हा वाटप, घसारा, आणि अंतिम हिशेबांची जुळवाजुळव. १०० शेअर जप्त करून त्यातले ६०च पुन्हा दिले तर कॅपिटल रिझर्व्हला ६० शेअरपुरताच फायदा जातो, उरलेल्या ४० ची जप्त रक्कम जप्तीच्या खात्यातच राहते. हे चटकन सांगता येत नसेल तर पहिल्या आठवड्याआधी दोन दिवस काढा, कारण तिथपर्यंत शिकवलंय असं धरूनच वर्ग सुरू होतो.

विषयांची वाटणी: भागभांडवल आणि बायबॅक (कंपनीने स्वतःचे शेअर परत विकत घेणं) १२ तास, डिबेंचर ८, कंपनीचे अंतिम हिशेब १४, कॅश फ्लो १०, अमाल्गमेशन (कंपन्यांचं विलीनीकरण) १२, चाचण्या आणि उजळणी ४. वाटणी कागदावर ठीक दिसते, पण अमाल्गमेशन अगदी शेवटच्या तीन आठवड्यांत येतं आणि पाचही चाचण्या त्याआधी संपतात. परिणामी १५ गुणांचा जो प्रश्न पेपरात येतो, त्याचं एकही गणित तपासून हाती पडलेलं नसतं. तिथली नेहमीची घोडचूक म्हणजे डिबेंचरधारकांना दिलेली रक्कम खरेदी मोबदल्यात धरणं. एएस १४ प्रमाणे मोबदला म्हणजे विलीन होणाऱ्या कंपनीच्या भागधारकांना दिलेले शेअर, रोख वगैरे, बाकीच्या देणेकऱ्यांचं त्यात काही नाही. चौथी चाचणी पुढे ढकलून अमाल्गमेशनवर घ्या, असं विद्यार्थ्यांनी लेखी मागितलं तर विभाग नाही म्हणण्याचं कारण दिसत नाही. नियमपत्रकात चाचण्यांच्या तारखा छापलेल्या नाहीत.

पुनर्तपासणीचा अर्ज उत्तरपत्रिका मिळाल्यापासून तीन दिवसांत, लेखी, आणि कोणत्या पायरीचे गुण हवेत ते नाव घेऊन. 'एकूण कमी वाटले' असा अर्ज परत येतो. शिवाय पूर्ण उत्तरपत्रिका पुन्हा तपासली जाते, गुण खालीही येऊ शकतात. अर्ज करण्याआधी स्वतःच्या वर्किंग नोट्सवर एकदा नजर फिरवा: तपासणाऱ्याने वाहत आलेल्या चुकीचे गुण दुसऱ्यांदा कापले आहेत का, तेवढंच शोधायचं. अर्ज मंजूर होतो तो बहुतेक याच कारणाने.