रीपर: घरच्या रेकॉर्डिंगपासून दिवाळी पहाटेच्या मंचापर्यंत

गेल्या गणेशोत्सवाच्या आधीपासून मी रीपर हे आवाज रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर वापरतोय. काम दोन प्रकारचं आहे. एक म्हणजे घरी रेकॉर्डिंग: अभंग, भावगीतं, कधी तबल्याच्या विद्यार्थ्याचं एकलवादन. दुसरं म्हणजे आमच्या संचाचे कार्यक्रम. त्यात मी कीबोर्डवर असतो आणि तानपुरा, मागचे पॅड (मागे भरून राहणारे लांब सूर), एखादा सनईचा तुकडा लॅपटॉपवरून सोडतो. दोन्ही कामांना एकच सॉफ्टवेअर पुरेल का, हे मला पाहायचं होतं. सॉफ्टवेअर पुरतं. पण दोन्हीसाठी एकच प्रोजेक्ट वापरायला गेलात तर त्रास होतो, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

आधी पैशांचं. रीपर कॉकोस या छोट्या कंपनीचं आहे. तिचा संस्थापक जस्टिन फ्रँकेल, म्हणजे विनॅम्प हा गाणी वाजवायचा प्रोग्राम लिहिणारा माणूस. ६० दिवस सगळं फुकट वापरता येतं, एकही सोय कापलेली नसते. नंतर घरगुती वापरासाठी ६० डॉलर, मोठ्या व्यवसायासाठी २२५ डॉलर. व्यवसायाची वर्षाची उलाढाल २०,००० डॉलरच्या आत असेल तरी ६० डॉलरचाच परवाना चालतो, आणि आज सातव्या आवृत्तीसाठी घेतलेला परवाना आठवी आवृत्ती संपेपर्यंत पुरतो. ६० दिवसांनंतर ते बंद पडत नाही, उघडताना फक्त आठवण करून देतं. म्हणून कित्येक जण वर्षानुवर्षं तसंच वापरतात. कृपा करून तसं करू नका. इतकं चोख काम इतक्या कमी पैशांत देणाऱ्यांचे पैसे बुडवणं बरं नाही.

आता खरखरीकडे येतो, कारण नव्या माणसाला सर्वांत जास्त छळते ती हीच. लक्षण असं: गाणं नुसतं वाजवलं तर स्वच्छ ऐकू येतं, पण कीबोर्डचा ट्रॅक रेकॉर्डसाठी आर्म केला, म्हणजे तयार ठेवला, की टकटक सुरू. सीपीयूचा आकडा पाहावा तर वीस टक्क्यांच्याही खाली. मग लोक लॅपटॉपला दोष देतात, नवा इंटरफेस (माइक आणि वाद्यं लॅपटॉपला जोडायचं उपकरण) घ्यायला निघतात. थांबा.

जे ट्रॅक नुसते वाजवायचे असतात त्यांचं गणित रीपर थोडं आधीच करून ठेवतं. त्याला अँटिसिपेटिव्ह एफएक्स प्रोसेसिंग म्हणतात (एफएक्स म्हणजे आवाजावरचे इफेक्ट). आर्म केलेल्या ट्रॅकचं मात्र आधी काही करता येत नाही, कारण पुढचा सूर अजून वाजलेलाच नसतो. तो ट्रॅक, तो ज्या ट्रॅककडे सेंड केलाय (त्याचा आवाज जिकडे पाठवलाय) ते, आणि शेवटी मास्टर, म्हणजे सगळे आवाज एकत्र होऊन बाहेर पडतात तो ट्रॅक, एवढ्या सगळ्यांचं काम बफरच्या, म्हणजे एका वेळी हाताळायच्या आवाजाच्या छोट्या तुकड्याच्या, वेळेत संपायला लागतं. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद. त्या वेळात काम झालं नाही की टक् असा आवाज येतो, मग बाकीचा प्रोसेसर कितीही रिकामा असो. म्हणून एकूण सीपीयूकडे बघत बसू नका. व्ह्यू मेन्यूतून परफॉर्मन्स मीटर उघडा आणि त्यातला आरटी सीपीयू (रिअल टाइम, म्हणजे त्याच क्षणी करायच्या कामाचा भार) हा आकडा बघा. तिथेच प्रत्येक ट्रॅक किती खातोय तेही दिसतं.

माझ्याकडे दोषी निघाला कीबोर्डच्या सेंडवरचा एक भारी रिव्हर्ब प्लगइन, म्हणजे घुमारा देणारा जोड-प्रोग्राम. कंपनीचं नाव घेत नाही, रेकॉर्डिंग मिक्स करताना तो आजही माझा लाडका आहे. मंचावर मात्र त्याला जागा नाही. तिथे रीपरसोबत येणारा रीआव्हर्बेट पुरतो. श्रोत्यांना सभागृहाचा स्वतःचा घुमारा ऐकू येतच असतो.

त्याच प्लगइननं दुसरा प्रसंग आणला. एका कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रोजेक्ट उघडता उघडताच सगळं बंद पडायला लागलं. इथे रीपरनं मला जिंकलं. फाइल उघडायच्या खिडकीतच सगळे एफएक्स ऑफलाइन ठेवून उघडण्याची खूण असते. ती करून प्रोजेक्ट उघडलं, एकेक प्लगइन परत चालू करत गेलो, आणि ज्यावर पडलं तो सापडला. अशा संशयी प्लगइनवर उजवं क्लिक करून तो वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवता येतो. मग तो कोसळला तरी त्याच्यासोबत सगळा कार्यक्रम कोसळत नाही. शिवाय प्रोजेक्टची फाइल साधा मजकूर असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. काहीतरी बिघडल्यावर आत डोकावता येणं ही मोठी सोय आहे.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात: पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबीची वीज वाचवण्याची सोय बंद करा, वाजवताना वायफाय बंद ठेवा, आणि इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर वापरा. तरी खरखर राहिली तर लेटन्सीमॉन हे मोफत साधन कुठला ड्रायव्हर अडतोय ते दाखवतं.

तबल्याची गोष्ट निराळी. तबलजी कानात गाणं ऐकत वाजवतो, वाजवताना सम बरोबर पडते, आणि नंतर ऐकलं की सगळे बोल किंचित मागे. तबलजी बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो. ड्रायव्हर रीपरला जो उशीर कळवतो आणि प्रत्यक्षात जो होतो, त्यांत फरक असू शकतो. तपासायला इंटरफेसचं आउटपुट केबलनं त्याच्याच इनपुटला जोडायचं, एक क्लिक वाजवून रेकॉर्ड करायची, आणि दोन्ही लाटा मोठ्या करून त्यांतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजायचं. रेकॉर्डिंगच्या प्रेफरन्समध्ये तो आकडा ऑफसेट म्हणून भरायचा. हे एकदा केलं की तो इंटरफेस, ड्रायव्हर किंवा सॅम्पल रेट बदलेपर्यंत काम झालं. 'ति' आणि 'धा' जिथल्या तिथे बसल्यावर ठेका कसा उभा राहतो, ते ऐकून मला फार बरं वाटलं.

गायकाला कानात स्वतःचा आवाज दोनदा येत असेल तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट कानात) आणि रीपरचं मॉनिटरिंग एकाच वेळी चालू आहे. दोहोंपैकी एक बंद करा. मी रीपरचं बंद करतो. रिव्हर्बशिवाय गाताच येत नाही असं म्हणणारे गायक असतात, त्यांच्यासाठी उलट. तेव्हा रिव्हर्ब ट्रॅक एफएक्समध्ये लावायचा, इनपुट एफएक्समध्ये नाही. ट्रॅक एफएक्स फक्त ऐकू येतो, फाइलमध्ये आवाज कोराच जातो. इनपुट एफएक्स मात्र कायमचा छापला जातो.

घरी पंखा आणि रस्त्याचा आवाज असतोच. रीपरसोबत येणाऱ्या रीएफआयआर या प्लगइनच्या सबट्रॅक्ट मोडमध्ये शांत तुकड्यावरून गोंगाटाचा नमुना घेऊन तो वजा करता येतो. गाण्यावर जपून वापरलं तर उपयोग होतो. तानपुऱ्यावर अजिबात वापरू नका. जवारीची जी झंकार आहे तीच त्याला गोंगाट वाटते, आणि उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा सूर.

तानपुऱ्यावरून आठवलं. पट्टी बदलायची म्हणून एकच तानपुरा पिच शिफ्ट करून सगळीकडे वापरणं मला पटत नाही. काळी एकचा तानपुरा पांढरी चारपर्यंत ओढला की जवारी मरते. प्रत्येक पट्टीचा वेगळा तानपुरा रेकॉर्ड करून ठेवलाय. राहतो तो पेटीचा प्रश्न. गावोगावच्या पेट्या ४४० हर्ट्झच्या मानकाला तंतोतंत लागलेल्या नसतात, कधी आठ-दहा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर, कधी खाली. रीट्यून या रीपरच्या प्लगइनवर पेटीचा षड्ज पाहायचा आणि तानपुऱ्याच्या आयटमची (रेकॉर्ड केलेल्या तुकड्याची) प्लेरेट, म्हणजे वाजण्याचा वेग, तेवढी हलवायची, वेग बदलताना सूर कायम ठेवण्याची खूण काढून. दहा सेंटसाठी वेग अर्धा टक्का आणि वर थोडा, एवढाच बदलतो. तारा छेडण्याच्या गतीत तो कुणाला कळत नाही, आणि सूर पेटीशी मिळतो.

कीबोर्डच्या पॅडबद्दलही सांगतो, कारण हे सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. गायकाचा शुद्ध गांधार तानपुऱ्याशी मिळतो तेव्हा तो कीबोर्डच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. पॅडमध्ये गांधार धरून ठेवला की गायकाला आतून टोचतं, आणि ते का ते त्याला सांगता येत नाही. मी पॅडमध्ये फक्त षड्ज-पंचम ठेवतो. मालकंसात पंचम नाही, तिथे षड्ज-मध्यम.

आता मंच. मंचाचं प्रोजेक्ट मी रिकाम्या फाइलपासून बांधतो. त्यात मी हातानं वाजवणार तो एक कीबोर्डचा ट्रॅक तेवढा आर्म केलेला. बाकी सगळं रेकॉर्डिंगच्या प्रोजेक्टमधून ऑडिओ करून आणलेलं, एकही वाद्य प्लगइनमधून चालत नाही. मास्टरवर काही नाही. मास्टरवरचा लिमिटर (आवाजाला वरची मर्यादा घालणारा) किंवा लिनियर फेज ईक्यू (एक प्रकारचा इक्वलायझर) पुढचं बघण्यासाठी स्वतः उशीर घेतो, आणि बफर कितीही कमी केला तरी बोट आणि सुरात अंतर राहतं. एफएक्सच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात किती सॅम्पलचा उशीर ते लिहिलेलं असतं. मंचाच्या प्रोजेक्टमध्ये तिथे शून्य दिसायला हवं. एवढं पाळलं की २५६ च्या बफरवरही, म्हणजे ५.३ मिलिसेकंदांत, बोटाला काही जाणवत नाही. आवाज हवेतून जेमतेम दोन मीटर जाईपर्यंत तेवढा वेळ जातोच.

प्रेफरन्समध्ये एक खूण आवर्जून तपासा: रीपर थांबलेलं असताना आणि दुसरी खिडकी पुढे असताना ऑडिओ उपकरण बंद करायचं का. ती चालू असेल तर निवेदन चालू असताना तुम्ही गाण्यांची यादी उघडाल आणि कीबोर्ड मुका होईल.

गाण्यांची रचना मी रीजनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या वेळपट्टीवर आखलेल्या भागांत, करतो. एसडब्ल्यूएस या मोफत जोडणीत रीजन प्लेलिस्ट मिळते, तीत कुठला भाग किती वेळा हे लावता येतं. स्मूथ सीक चालू ठेवलं की पुढच्या भागावर उडी लगेच पडत नाही, चालू माप (बार) पूर्ण होऊन पडते. ती उडी मी पायाच्या मिडी पेडलला दिली आहे. गायक आलापात रमला की पॅड फिरत राहतो, तो मुखड्यावर यायला लागला की पाय दाबायचा. गाण्याच्या शेवटी '!१०१६' असा मार्कर ठेवला, आकडे अर्थात इंग्रजी, की एसडब्ल्यूएस प्लेबॅक आपोआप थांबवतं.

क्लिकबद्दल, म्हणजे कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या ठोक्याबद्दल, माझं मत ठाम आहे. पाश्चात्य ढंगाच्या भावगीताला, जिथे बेस आणि ड्रम लॅपटॉपवरून येतात, तिथे क्लिक हवीच. इन्सर्ट मेन्यूतून क्लिक सोर्स वेगळ्या ट्रॅकवर टाका, मास्टर सेंड काढा, आउटपुट ३ किंवा ४ ला जोडून फक्त तबलजीच्या कानात द्या. त्यासाठी चार आउटपुटचा इंटरफेस लागतो, दोनवाला पुरत नाही. अभंगाला मात्र क्लिक लावू नका. पखवाज आणि टाळ गायकाच्या श्वासाबरोबर चालतात, गजर चढत जातो, शेवटी लय दुप्पट होते. ती चढण कुणी आधी ठरवून आणलेली नसते. तिथे तानपुरा ठेवायचा, सा-पचा पॅड ठेवायचा, आणि सॉफ्टवेअरनं गप्प राहायचं. अशा अभंगाचं रेकॉर्डिंग करताना प्रोजेक्टचा टाइमबेस 'टाइम' वर ठेवा, म्हणजे नंतर टेम्पो कुठे बदललात तर रेकॉर्ड केलेले तुकडे सरकत नाहीत.

चार्जर लावला की सभागृहात घूं आवाज येतो, हा त्रास कुठल्याच सॉफ्टवेअरचा नाही, अर्थिंगचा आहे. बॅलन्स्ड केबल आणि ग्राउंड लिफ्टवाला डीआय बॉक्स (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जोडायचा डबा) वापरा. चार्जरची अर्थची पिन तोडू नका, जिवाशी खेळ आहे.

कमी काय आहे? रीपरसोबत वाद्यांचे तयार आवाज जवळजवळ येत नाहीत. तबला, सतार, स्ट्रिंग्ज सगळं वेगळं मिळवावं लागतं. मेन्यू लांबलचक आहेत, आणि नव्या माणसाला पहिला महिना जड जातो. चौकटीत तुकडे ठेवून हवा तो हवा तेव्हा सोडायचा, ही एबलटन लाइव्हची पद्धत इथे मुळात नाही. तुमचा कार्यक्रम त्या ढंगाचा, लूपवर उभा असेल तर तेच घ्या, रीजन प्लेलिस्टनं ती भूक भागणार नाही. आमच्यासारख्या संचाला, जिथे माणसं वाजवतात आणि लॅपटॉप मागे उभा असतो, रीपर योग्य आहे.

जागेचा हिशेब द्यायचा राहिला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक मोनो ट्रॅक तासाला सुमारे ५२० एमबी घेतो. आठ माइकचा तीन तासांचा कार्यक्रम म्हणजे साडेबारा जीबीच्या आसपास. आम्ही प्रत्येक कार्यक्रम असा पूर्ण रेकॉर्ड करतो, पण वाजवायच्या लॅपटॉपवर नाही. मिक्सरच्या यूएसबीवरून दुसऱ्या लॅपटॉपवर, तिथेही रीपरच. त्या लॅपटॉपवर बफर १०२४ ठेवतो, कारण तिथे कुणाला काही वाजवून ऐकायचं नसतं.