लाकडी पेनात जडाव: भुकटी, लेझर की गाठ?

पेनावर जडाव करायचा म्हटलं की आपण आधी नक्षी शोधायला लागतो. त्याआधी एक माप बघून घ्या. नेहमीच्या सडपातळ पेनाच्या किटमधली पितळी नळी साधारण 7 मिलिमीटरची असते, आणि कातून झाल्यावर तिच्यावर लाकूड उरतं जेमतेम मिलिमीटरभर. पेटीच्या झाकणावर बसवतात तसा वरवर कोरून चिकटवलेला तुकडा इथे कातण्यातच निघून जातो. जडाव थेट नळीपर्यंत खोल गेला पाहिजे. सोलापुरात बसून जमतील अशा तीन पद्धती या कसोटीवर लावून बघू.

सगळ्यात सोपी भुकटीची. लेथवर पेन गोल झालं की पातळ हत्याराने एक खाच पाडायची, त्यात पितळेची भुकटी दाबायची आणि वरून फेविक्विकसारखा पातळ गोंद सोडायचा. एकदम भरू नका, दोन-तीन थरांत भरा, नाहीतर आत पोकळी राहते आणि ती पॉलिश करताना दिसते. भुकटी विकत घ्यायलाच हवी असं नाही. डुप्लिकेट चाव्या करणाऱ्याच्या मशिनखाली पितळेचा चुरा पडलेला असतो, तो मागून आणून चाळून घेतला की झालं. खर्च जवळपास नाही, बिघडण्यासारखंही फार नाही. पण पेनावर उमटतं ते एक कडं, फार तर दोन.

लेझरचा मोह सगळ्यांना होतो. ट्रॉफी आणि लग्नपत्रिकांच्या कामासाठी जे लेझर वापरतात, ते बहुधा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं असतं. ते लाकूड छान कापतं, पितळ कापत नाही. पेनाच्या कामात हे पथ्यावरच पडतं: शिसमाची आणि हळदूची, दोन्ही लाकडी नळ्या न चिकटवता पितळी नळीवर सरकवायच्या, लेझर पितळेपर्यंत जाऊन थांबतं. मग एकीतला तुकडा दुसरीत बसवून पातळ गोंदाने पक्का करायचा. अट एवढीच, की बाटल्यांवर नावं टाकायला लागते ती रोटरी जोडणी दुकानदाराकडे हवी, आणि दोन्ही नळ्या एकाच जाडीला कातलेल्या हव्यात. सोलापुरी चादरीवरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या नक्षीला लेझरच बरं. राउटरचा, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या यंत्राचा, बिट गोल असल्यामुळे आतले कोपरे गोलच राहतात. मात्र कापाची कड जळते. शिसमात ते खपून जातं, पिवळ्या हळदूत पेन्सिलने गिरवल्यासारखी काळी रेघ दिसते. ऑफिसच्या लोगोची पन्नास पेनं करायची असतील, तर जास्त विचार न करता लेझर घ्या.

एकच पेन करायचं असेल आणि ते बघणाऱ्याने हातात फिरवत बसावं असं वाटत असेल, तर माझा कौल गाठीला, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्यांच्या नक्षीला. 19-20 मिलिमीटरचा चौकोनी ठोकळा घ्यायचा. त्याला तिरका काप द्यायचा, पण आरपार नाही. खाली दीड-दोन मिलिमीटर लाकूड सोडायचं, म्हणजे दोन्ही बाजू जागच्या हलत नाहीत. कापात बरोबर तेवढ्याच जाडीची पट्टी चिकटवायची. गोंद वाळला की ठोकळा पाव फेरा फिरवून पुन्हा त्याच जागी काप. असे चार. भोक पाडून कातलं की चार वळसे एकमेकांत गुंतलेले दिसतात, आणि सोडलेलं लाकूड भुशात निघून जातं.

सगळी मेख ‘त्याच जागी’ या दोन शब्दांत आहे. ठोकळा काटकोनात नसेल किंवा करवतीपाशी पक्का आडवा अडसर नसेल, तर वळसे जुळत नाहीत, आणि हे कळतं कातल्यावरच. कोनाचाही हिशेब करा. 45 अंशांत कापलं तर 10 मिलिमीटर जाडीच्या पेनावर गाठ साधारण 10 मिलिमीटर लांबीची, म्हणजे बुटकी होते. करवत ठोकळ्याच्या लांबीशी 30 अंशांत लावली, तर तीच गाठ 17 मिलिमीटरपर्यंत जाते आणि सडपातळ पेनाला शोभते.

इथे फेविक्विक नको, तो सांधा ठिसूळ राहतो आणि भोक पाडताना सुटतो. अरल्डाईट वापरा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना कालवलेलं अरल्डाईट हातातच घट्ट व्हायला लागतं, तेव्हा ते थोडं-थोडं कालवा, शक्यतो सकाळी. शिसम आणि सागवान तेलकट. चिकटवण्याआधी त्यावरून अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवा.

पितळी पट्टी दिसते झकास, पण पहिल्या गाठीला घेऊ नका. ड्रिल बिट तिच्यात अडकतो, घासताना ती तापून गोंद सैल करते, आणि तिची काळी भुकटी फिकट लाकडाच्या रेषांत जाऊन बसते. शिसमाचा ठोकळा आणि हळदूची पट्टी घ्या. शेवटचं घासण्याआधी पातळ गोंदाचा एक हात मारा, म्हणजे शिसमाचा गडद भुसा पिवळ्या पट्टीत मुरणार नाही.